ब्राउझरमध्ये रेडिओ, भजन, गाणी वाजत नाहीत? कॅशे पुसण्याआधी हा क्रम पाळा

सकाळी आकाशवाणी पणजी लावायची असते, श्रावणात वास्कोच्या दामोदर सप्ताहातलं भजन ऐकायचं असतं, आणि लॅपटॉपवर प्लेचं बटण दाबलं की शांतता. मग घरोघरी ठरलेले उपाय सुरू होतात. ब्राउझर बंद-चालू, राउटर बंद-चालू, कॅशेसकट (म्हणजे ब्राउझरने साठवून ठेवलेल्या फाइलींसकट) पूर्ण ब्राउझिंग डेटा साफ, आणि तरीही जमलं नाही तर ब्राउझरच काढून नव्याने टाकायचा. एवढं करून बँकेपासून वीजबिलापर्यंत सगळीकडून लॉगआउट होतं, आवाज मात्र येत नाही. बहुतेक वेळा दोष त्यातल्या कशातच नसतो.

सर्व्हरवरून निघालेला आवाज नेट, पान, ब्राउझर, यंत्र आणि स्पीकर अशी वाट कापत कानापर्यंत येतो. ही वाट कुठे तुटली ते आधी शोधायचं आणि दुरुस्ती फक्त तिथेच करायची. खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. मधलाच टप्पा उचलून सुरुवात केली तर अर्धा दिवस जातो.

## तयारी : हात लावण्याआधी

पुढच्या गोष्टी जवळ असू द्या: वायर असलेले साधे इयरफोन, दुसरा एखादा ब्राउझर (क्रोम वापरत असाल तर फायरफॉक्स किंवा एज), आणि हॉटस्पॉट देऊ शकेल असा मोबाइल. लॅपटॉपमध्येच सेव्ह केलेलं एखादं गाणं हवं, म्हणजे नेट नसतानाही वाजवून पाहता येईल.

स्क्रीनवर काही संदेश आला असेल तर त्याचा फोटो काढा. 'काहीतरी इंग्रजीत आलं होतं, मी बंद केलं' या माहितीवर कुणालाच मदत करता येत नाही.

थांबा : एका वेळी एकच बदल करा आणि लगेच वाजवून पाहा. चार बदल एकदम केले आणि वाजू लागलं, तर कशाने वाजलं ते कळत नाही. पुढच्या खेपेला परत पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

## टप्पा १ : लक्षण ओळखा

प्ले दाबा आणि दहा सेकंद कशालाही हात न लावता दोन जागा पाहा. पहिली म्हणजे प्लेअरवरचे वेळेचे आकडे किंवा सरकणारी पट्टी. दुसरी, वरच्या टॅबवर उमटणारं स्पीकरचं लहान चिन्ह. क्रोम, एज आणि फायरफॉक्समध्ये टॅबमधून आवाज बाहेर पडत असेल तर ते दिसतं. चिन्हावर काट मारलेली असेल तर टॅब म्यूट आहे.

आकडे पळतात, पण ऐकू काहीच येत नाही. नेट व्यवस्थित आहे, सर्व्हरही. राउटरकडे जाऊ नका. टप्पा २ आणि ३ पाहा.

आकडे शून्यावरच थांबलेत किंवा चक्र फिरतंय. आवाज ब्राउझरपर्यंत पोचलेलाच नाही. स्पीकरच्या वायरी उपसण्यात अर्थ नाही. टप्पा ३ मधलं आपोआप वाजण्याचं बंधन तपासा आणि ४, ५ वर जा.

वाजतं, मध्येच तुटतं, पुन्हा वाजतं. इथे एक गोष्ट नीट पाहायची: आवाज तुटला त्या क्षणी आकडे थांबले का? थांबले तर नेटचा दोष, टप्पा ५. आकडे पळतच राहिले आणि फक्त आवाज तुटला, तर दोष ब्लूटूथमध्ये किंवा वायरीत आहे, म्हणजे टप्पा २. हा फरक न पाहिल्यामुळे ब्लूटूथ स्पीकरपायी नेटचा प्लॅन बदललेली माणसं आहेत.

थेट प्रसारणात कधीकधी आकडे दिसतच नाहीत. तेव्हा फक्त टॅबवरच्या चिन्हावर विसंबा.

आणखी एक. रेडिओ संचावर बातम्या सुरू झाल्या आणि लॅपटॉपवर अजून जाहिरातच चालू आहे, हा बिघाड नाही. नेटवरचं थेट प्रसारण काही सेकंदांनी, कधी अर्ध्या मिनिटाने मागे असतंच.

## टप्पा २ : यंत्र आणि स्पीकर

सेव्ह केलेलं गाणं ब्राउझरबाहेर, साध्या प्लेअरमध्ये वाजवा. तेही वाजलं नाही तर ब्राउझर निर्दोष आहे.

१. आवाज कुठे जातोय? विंडोजमध्ये 'सेटिंग्ज', 'सिस्टीम', 'साऊंड' उघडा आणि आउटपुटमध्ये कोणतं यंत्र निवडलंय ते पाहा. लॅपटॉप कधी एचडीएमआय वायरीने टीव्हीला जोडला की आवाज टीव्हीकडे वळतो. चवथीला गणपतीच्या माटोळीजवळ (मूर्तीवर टांगलेली फळापानांची चौकट) ठेवलेला ब्लूटूथ स्पीकर आतल्या खोलीत चालूच राहिलेला असतो आणि लॅपटॉप गुपचूप त्याला जोडला जातो. योग्य यंत्र निवडा आणि पान एकदा रिलोड करा.

२. व्हॉल्यूम मिक्सर. विंडोजमध्ये प्रत्येक प्रोग्रामचा आवाज वेगळा असतो. मुख्य आवाज शंभरावर आणि क्रोमचा शून्यावर, असं होऊ शकतं. खालच्या पट्टीतल्या स्पीकरवर राइट क्लिक करून 'व्हॉल्यूम मिक्सर' उघडा. मात्र त्या वेळी ब्राउझरमध्ये प्रसारण चालू ठेवा. आवाज काढत नसलेला प्रोग्राम यादीत बऱ्याचदा दिसतच नाही, आणि मग 'इथे तर क्रोमच नाही' म्हणून लोक गोंधळतात. विंडोज ११ मध्ये याच पानाच्या तळाशी सगळे आवाज मूळ स्थितीला आणणारं 'रीसेट' बटण आहे.

३. जॅक. इयरफोनची पिन अर्धवट बसली किंवा तिचा अर्थिंगचा जोड सुटला, तर एक चमत्कारिक प्रकार होतो. डावी आणि उजवी बाजू यांच्यातला फरक तेवढा ऐकू येतो. स्टिरिओ ध्वनिमुद्रणात गायकाचा आवाज दोन्हीकडे सारखाच असतो, म्हणून तो जवळजवळ नाहीसा होतो, आणि उरतात ती विहिरीतून आल्यासारखी वाद्यं. याहून फसवी गोष्ट म्हणजे प्रसारण मोनो असेल, तर दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या, फरक शून्य, आणि ऐकू जवळपास काहीच येत नाही. 'गाणी कशीबशी वाजतात, पण रेडिओ अजिबात नाही' अशी तक्रार आली की मी आधी पिन बघतो. समुद्राजवळच्या घरांत, त्यातून पावसाळ्यात, पिनवर आणि जॅकमध्ये गंज धरतो. पिन कोरड्या सुती फडक्याने पुसा, पूर्ण आत दाबा, जराशी फिरवा. तरीही तसंच असेल तर दुसरे इयरफोन लावून पाहा.

४. ब्लूटूथ हेडसेट टेलिफोनसारखा वाजतो. साधा ब्लूटूथ हेडसेट दोन प्रकारे चालतो: फक्त ऐकण्यासाठी चांगल्या दर्जाचा आवाज, किंवा माइकसकट बोलण्यासाठी कमी दर्जाचा मोनो आवाज. कोणत्याही प्रोग्रामने माइक मागितला की हेडसेट दुसऱ्या प्रकारात जातो. मुलाच्या ऑनलाइन क्लासची गूगल मीट शेजारच्या टॅबमध्ये उघडी राहिलेली असते आणि इकडे आजोबा म्हणतात, 'अभिषेकीबुवांचा आवाज असा का बसला?' तो टॅब बंद करा. मीट चालू ठेवायचीच असेल तर तिच्यात माइक म्हणून लॅपटॉपचा माइक निवडा, हेडसेटचा नको.

पडताळणी : वायरचे इयरफोन लावून सेव्ह केलेलं गाणं स्वच्छ वाजतंय? मग यंत्राचा विषय संपला. पुन्हा इकडे वळू नका.

## टप्पा ३ : ब्राउझर आणि टॅब

१. म्यूट. टॅबवर राइट क्लिक करा. क्रोममध्ये 'अनम्यूट साइट' असा पर्याय दिसला, तर ती साइट म्यूट आहे. क्रोम फक्त तो टॅब नव्हे तर पूर्ण साइट म्यूट करतो आणि पुढच्या वेळीही ते लक्षात ठेवतो. जाहिरातीला कंटाळून महिन्याभरापूर्वी केलेलं म्यूट आज आडवं येतं ते असं. फायरफॉक्समध्ये म्यूट त्या टॅबपुरतंच असतं, पण कंट्रोल आणि एम या कळा चुकून एकत्र दाबल्या तरी ते लागतं. यानंतर पानावरच्या प्लेअरचा स्वतःचा स्पीकरही पाहा. प्लेअरचा आवाज वेगळा, टॅबचा वेगळा, यंत्राचा वेगळा.

२. आपोआप वाजण्यावरचं बंधन. पान उघडल्या उघडल्या आवाज सुरू होऊ नये, असं बंधन क्रोमने २०१८ मध्ये आणि फायरफॉक्सने २०१९ मध्ये घातलं. सफारीतही ते आहे. वापरणाऱ्याने पानावर कुठेतरी क्लिक केल्याशिवाय आवाज सुटत नाही. जुन्या पद्धतीची पानं हे जाणत नाहीत आणि 'वाजतंय' असं दाखवत गप्प बसतात. आधी पॉज करून पुन्हा प्ले दाबा. रोज ऐकत असलेल्या साइटला कायमची मोकळीक द्यायची असेल, तर पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर क्लिक करा. फायरफॉक्समध्ये तिथे ऑटोप्लेची परवानगी मिळते, क्रोममध्ये 'साइट सेटिंग्ज'मध्ये जाऊन 'साऊंड'ला 'अलाउ' करता येतं.

३. इनकॉग्निटो चाचणी. क्रोम किंवा एजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एन, फायरफॉक्समध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि पी दाबून खाजगी खिडकी उघडा आणि तेच पान लावा. या खिडकीत एक्स्टेंशन (ब्राउझरला वरून जोडलेली छोटी साधनं) सहसा चालत नाहीत आणि जुन्या कुकीही (साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या नोंदी) नसतात. इथे वाजलं, तर दोष एक्स्टेंशनचा किंवा त्या साइटच्या साठलेल्या डेटाचा. नाही वाजलं, तर कॅशे पुसून काही होणार नाही हे पुसण्याआधीच कळलं.

एक्स्टेंशनमध्ये पहिला संशयित जाहिरात अडवणारा. बरेच प्लेअर आधी जाहिरात मागवतात आणि ती येईपर्यंत पुढे सरकत नाहीत. ब्लॉकर तेवढ्या साइटपुरता बंद करा. सगळी एक्स्टेंशन एकदम उडवू नका. निम्मी बंद करून पाहा, मग उरलेल्यांतली निम्मी.

४. आवृत्ती. विंडोज ७ किंवा ८.१ चा जुना लॅपटॉप भजनापुरता ठेवलेला असेल, तर त्यावर क्रोम १०९ च्या पुढे जात नाही. ती २०२३ च्या जानेवारीतली आवृत्ती आहे. आज बनवलेली पानं तिथे अडखळणारच. अशा यंत्रावर टप्पा ४ मधला व्हीएलसीचा मार्ग बरा.

## टप्पा ४ : पान आणि प्रसारणाचा प्रकार

१. फक्त त्या साइटचा डेटा. इनकॉग्निटोत वाजलं आणि एक्स्टेंशन निर्दोष ठरली, तरच हे करा. पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हातून कुकीज आणि साइट डेटा उघडा आणि त्या एकाच साइटचा डेटा काढा. फक्त तिथलं लॉगिन जाईल, बाकी सगळं जागच्या जागी राहील.

२. घड्याळ. जुन्या संगणकाच्या मदरबोर्डवरची बॅटरी संपली की वीज जाऊन आल्यावर तारीख कित्येक वर्षं मागे जाते. तारीख चुकीची असली की सुरक्षित पानांची प्रमाणपत्रं ब्राउझरला बाद वाटतात आणि काहीच उघडत नाही. पावसाळ्यात दिवसातून तीनदा वीज जाते तेव्हा खालच्या कोपऱ्यातल्या तारखेकडे एक नजर टाका. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

३. जुन्या धाटणीचे रेडिओ. कित्येक हौशी आणि लहान इंटरनेट रेडिओंचा प्रवाह (स्ट्रीम) साध्या, असुरक्षित एचटीटीपीवरून येतो, पान मात्र सुरक्षित एचटीटीपीएसचं असतं. क्रोम २०२० पासून असा ऑडिओ आपणहून एचटीटीपीएसने मागून पाहतो आणि तसा मिळाला नाही तर अडवतो. तुम्हाला दिसतं फक्त फिरणारं चक्र. ही चूक साइट चालवणाऱ्याची. तुमच्यापुरता उपाय म्हणजे प्रवाहाचा थेट पत्ता मिळवून तो नव्या टॅबमध्ये उघडायचा.

४. क्लिक केलं की फाइलच डाउनलोड होते. एम३यू किंवा पीएलएस शेपटीची ही फाइल म्हणजे गाणं नव्हे, प्रवाहाचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी. ती व्हीएलसी प्लेअरमध्ये उघडा. किंवा व्हीएलसीत 'मीडिया', मग 'ओपन नेटवर्क स्ट्रीम' निवडून पत्ता तिथे चिकटवा. हीच एक उत्तम चाचणीही आहे: व्हीएलसीत वाजलं आणि ब्राउझरमध्ये नाही, तर नेट आणि सर्व्हर दोन्ही बरे आहेत.

५. संरक्षित गाणी. स्पॉटिफायसारख्या सेवांना ब्राउझरमध्ये संरक्षित मजकूर वाजवण्याची परवानगी लागते. फायरफॉक्समध्ये डीआरएम (हेच संरक्षण) चालू करण्याबद्दल वर एक पट्टी येते आणि लोक ती जाहिरात समजून बंद करतात. सेटिंग्जमध्ये जाऊन ती परवानगी द्या.

## टप्पा ५ : नेट

मोबाइलचा हॉटस्पॉट चालू करा, लॅपटॉप त्यावर आणा आणि तेच पान वाजवा. वाजलं, तर घरचं नेट किंवा वायफाय दोषी. याआधी स्पीड टेस्ट करत बसू नका. ऑडिओला लागतो जेमतेम ०.१२८ एमबीपीएस, म्हणजे १२८ केबीपीएस वेग. टेस्टमध्ये ४० दिसले तरी मध्येमध्ये दोन-तीन सेकंदांचे खंड पडत असतील तर प्रसारण तुटतंच, आणि ते खंड त्या आकड्यात दिसत नाहीत.

दिवसाचा डेटा संपलाय का? बहुतेक मोबाइल प्लॅनमध्ये रोजचा कोटा संपला की नेट बंद पडत नाही, वेग ६४ केबीपीएसवर उतरतो. १२८ केबीपीएसचं प्रसारण त्यावर लावलं, तर दर दहा सेकंदांत पाच सेकंदांचाच आवाज पोचतो. म्हणून पाच सेकंद भजन, पाच सेकंद शांतता. अशी ठरावीक लय दिसली की आधी कोटा पाहा.

हिशोब असा: १२८ केबीपीएसला तासाला सुमारे ५८ एमबी लागतात. सप्ताहाचं अखंड भजन चोवीस तास लावून ठेवलं तर जवळजवळ १.४ जीबी, म्हणजे दीड जीबीच्या प्लॅनमध्ये दुसऱ्या कशाला जागाच नाही. प्लेअरमध्ये दर्जा निवडता येत असेल तर ६४ केबीपीएस घ्या, खर्च निम्मा होतो. यूट्यूबवरून नुसतं ऐकत असाल तर चित्राचा दर्जा १४४पी वर आणा, कारण डेटा खातं ते चित्र.

चिऱ्याची भिंत. जुन्या घरांच्या जाड चिऱ्याच्या भिंतींपलीकडे वायफायचा ५ गिगाहर्ट्झ पट्टा फार क्षीण होतो. राउटर सोप्यावर आणि तुम्ही स्वयंपाकघरात असाल तर २.४ गिगाहर्ट्झवर या. तो भिंत जास्त पार करतो. पण ब्लूटूथही त्याच पट्ट्यात चालतं आणि दोघांची टक्कर होऊन आवाज तुटू शकतो. वायरचे इयरफोन लावल्यावर तुटणं थांबलं, तर हेच कारण.

राउटर बंद-चालू करायचाच असेल तर. फायबरच्या कित्येक जोडण्यांत दोन डबे असतात, एक फायबरचा आणि एक वायफायचा. आधी फायबरचा डबा चालू करा, दिवे स्थिर होऊ द्या, आणि त्यानंतर वायफायचा. फायबरच्या डब्यावर 'एलओएस'चा लाल दिवा लागलेला असेल तर फायबरमधून सिग्नलच येत नाही, बहुतेक वेळा वायर बाहेर कुठेतरी तुटलेली असते. सेवा देणाऱ्याला फोन करा, घरात खटपट करू नका. इन्व्हर्टरवर वायफायचा राउटर घेतलाय आणि फायबरचा डबा राहून गेलाय, हेही सर्रास दिसतं. वायफायच्या पूर्ण रेघा असतात, नेट शून्य.

थांबा : ऑफिस, हॉटेल, वाचनालय अशा ठिकाणी आधी वायफायच्या लॉगिन पानावर लॉगिन झालं का ते पाहा. काही ठिकाणी रेडिओ प्रवाहांचे पोर्ट (नेटवर ये-जा करण्याचे क्रमांक दिलेले दरवाजे) मुद्दाम बंद ठेवतात. लहान रेडिओ बऱ्याचदा ८००० क्रमांकाच्या पोर्टवर असतात. ते तिथे वाजणार नाहीत, तुमच्या लॅपटॉपचा त्यात काही दोष नाही.

पॉज करून जेवायला गेलात? थेट प्रसारण पॉज केलं की सर्व्हर थोड्या वेळाने जोडणी सोडून देतो. परत येऊन प्ले दाबलं तर कधी काहीच होत नाही, कधी दोन मिनिटं जुनं वाजून बंद पडतं. पान रिलोड करा, एवढंच.

## टप्पा ६ : मोबाइलवरचा ब्राउझर

स्क्रीन बंद झाल्यावर काही मिनिटांत आवाज थांबत असेल, तर बॅटरी वाचवणारी व्यवस्था ब्राउझरला मारते आहे. अँड्रॉइडमध्ये 'सेटिंग्ज', 'ॲप्स', ब्राउझरचं नाव, 'बॅटरी' इथे जाऊन 'अनरिस्ट्रिक्टेड' करा. यूट्यूबचं पान मागे गेलं की थांबणं ही त्या सेवेची अट आहे, त्याला सेटिंग नाही. मीडियाचा आवाज आणि रिंगचा आवाज वेगळे असतात, म्हणून वाजत असतानाच बाजूची कळ दाबा. आयफोनवर सायलेंट स्विच लावलेला असेल तर काही पानं गप्प राहतात.

## टप्पा ७ : दोष तुमच्याकडे नसेल तेव्हा

दोन वेगळी यंत्रं आणि दोन वेगळी नेटं, चारही जोड्यांवर तेच प्रसारण बंद, आणि बाकीची वाजतात: मग हात झाडा. खात्री करायची असेल तर लॅपटॉपवर एफ१२ दाबा, 'नेटवर्क'मध्ये 'मीडिया' निवडा आणि पान रिलोड करा. ४०४ दिसलं तर प्रवाहाचा पत्ता बदललाय. ४०३ म्हणजे परवानगी नाही. परदेशातल्या नातेवाइकांना एखादी सेवा त्या देशात बंद असेल तेव्हा हेच बरेचदा दिसतं. ५०३ म्हणजे सर्व्हरवर ताण आलाय, थोड्या वेळाने पाहा. तिथे काहीच ओळ उमटली नाही, तर 'कन्सोल'मधल्या लाल ओळीचा फोटो घ्या.

साइट चालवणाऱ्याला कळवताना 'वाजत नाही' एवढंच लिहू नका. पानाचा पत्ता, तारीख आणि वेळ, ब्राउझर व त्याची आवृत्ती, घरचं नेट की मोबाइलचं, टप्पा १ मधल्या तिन्हींपैकी कोणतं लक्षण, आणि दिसलेला आकडा. परदेशातून कळवत असाल तर वेळ भारतीय प्रमाणवेळेतही लिहा, कारण सर्व्हरच्या नोंदी शोधणारा माणूस आधी वेळच बघतो.